शेरा, फी आणि पहिलीच्या बाई

दुबईत मुलांची शाळा शोधताना आपली माणसं आधी शेरा विचारतात, मग फी. शेरा म्हणजे केएचडीए या सरकारी संस्थेने तपासणीनंतर दिलेला. 'आउटस्टँडिंग'पासून 'व्हेरी वीक'पर्यंत त्याच्या सहा पायऱ्या. सरकारी शाळा मुख्यतः अमिराती मुलांसाठी असल्याने आपली मुलं खासगी शाळेतच जातात, आणि तिथल्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या काही शाळांत पहिलीची वर्षाची फी १०,००० दिरहमच्या आत बसते. नावाजलेल्या ब्रिटिश शाळांत ती ५०,०००च्या पुढे जाते, म्हणजे दहा लाख रुपयांच्याही वर. बस, पुस्तकं, गणवेश वेगळे. कंपनीकडून शिक्षण भत्ता मिळत नसेल, तर हा सगळा भार पगारावरच.

शेऱ्याचं आणि फीचं नातं थेट आहे. २०२३-२४ साठी केएचडीएने फीवाढीची मर्यादा ३ टक्के ठेवली. शेरा टिकवला तर तेवढी वाढ, घसरला तर काहीच नाही. 'गुड'वरून 'व्हेरी गुड' झालेल्या शाळेला मात्र ५.२५ टक्क्यांपर्यंत मुभा होती. शाळेने सुधारावं म्हणून हे केलं, आणि ते मला पटतं. पण वाढलेल्या शेऱ्याचं बिल पालकांकडेच येतं, हे घराचा हिशेब मांडताना धरून चालावं.

म्हणून माझा आग्रह असतो, की नुसता शेरा पाहून थांबू नका, अख्खा अहवाल वाचा. तो केएचडीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सुरुवातीच्याच पानांवर एका शिक्षकामागे किती मुलं आणि वर्षभरात किती टक्के शिक्षक शाळा सोडून गेले, हे छापलेलं असतं. पुढे केजी, प्राथमिक, माध्यमिक असे वेगळे रकाने आणि मुख्य विषयांचे वेगळे शेरे. एकूण 'गुड' असलेल्या शाळेचं प्राथमिकचं गणित 'व्हेरी गुड' असू शकतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला तोच रकाना लागू पडतो. शिक्षक गळतीच्या आकड्याला मी सगळ्यात जास्त वजन देते. या वयात मूल आधी बाईंवर विश्वास ठेवतं, मग वाचायला लागतं. वर्षाच्या मध्येच बाई बदलल्या, तर जलतरण तलाव आणि रोबोटिक्सची खोली त्याच्या काय कामाची?

घर ते शाळा या अंतरालाही असंच वजन द्या. आमच्या ओळखीतली शारजात राहणारी एक वहिनी स्वस्त घरभाड्यासाठी तिकडे गेली आणि शाळा मात्र दुबईतली ठेवली. पहाटे अंधारात बसमध्ये चढणारी तिची मुलगी दुपारी घरी येते ती पेंगतच.

अहवालावरचं सालही बघा. २०२४-२५ मध्ये नव्या शाळा सोडल्या तर पूर्ण तपासण्या झाल्या नाहीत, त्यामुळे फाटकावर झळकणारा शेरा जुना असू शकतो. शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचारा: गेल्या वर्षी पहिलीला शिकवणाऱ्यांपैकी यंदा किती जण आहेत?