बेंबीमागची दोरी

मुलाचं पोट दुखायला लागल्यापासून जो तो मला एकच विचारत होता, ‘‘काय खायला दिलं होतं?’’ यात्रेतली भेळ, शाळेबाहेरची बोरं, घरचं ताक, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. आत्याबाई म्हणाल्या, बेंबी सरकलीय. त्यांनी कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावला.

रात्री उलटी हिरवीगार झाली. पोट टम्म फुगलं होतं. शी तर सोडाच, वारासुद्धा सरत नव्हता. कळ आली की पोर गुडघे पोटाशी घ्यायचं, ओसरली की गप्प पडून राहायचं.

लोणीला प्रवरा हॉस्पिटलला निघालो. गळिताचा हंगाम, रस्ताभर उसाच्या डबल ट्रॉल्या. विठ्ठलराव विखे पाटलांच्या या साखरपट्ट्यात 1984पासून मेडिकल कॉलेज आहे, म्हणून बरं. नाहीतर तशा पोराला घेऊन नगर गाठावं लागलं असतं.

एक्स-रेत आतड्यात हवा-पाण्याच्या पायऱ्या दिसल्या. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. ‘‘ताई, याच्या पोटाचं आधी कधी ऑपरेशन?’’ कधीच नाही. सर्जन म्हणाले, आधी ऑपरेशन झालेल्या पोटात आतडी चिकटून अडतात. याच्यात कारण वेगळं असणार, आणि थांबलो तर आतडं काळं पडेल. पहाटेच पोट उघडलं.

नंतर त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. बेंबीच्या आतून आतड्याच्या पडद्यापर्यंत ताणलेली, सुतळीएवढी पांढरी दोरी. तिच्याखाली आतड्याचं वेटोळं शिरून पिळलं होतं. दोरी कापली, गरम पाण्याच्या कापडाने आतडं शेकलं, ते पुन्हा गुलाबी झालं. तुकडा काढावा लागला नाही.

ती दोरी म्हणजे एकेकाळची रक्तवाहिनी. गर्भ अगदी लहान असताना त्याला ‘योक सॅक’ नावाची चिमुकली पिशवी असते. तिच्या रक्तवाहिन्या बेंबीतून आत येतात. त्यातल्या एकीची पुढे आतड्यांना रक्त पुरवणारी मोठी धमनी होते. बाकीच्यांपैकी बऱ्याच, वार कामाला लागली की, विरून जातात. क्वचित एखादी विरत नाही, सुकून तशीच राहते.

‘‘म्हणजे गरोदरपणात माझ्याकडूनच काही...?’’

‘‘नाही ताई. कुणाच्या खाण्यापिण्यानं हे होत नाही. तुमच्याही नाही, त्याच्याही नाही.’’

तिथेच बाकावर बसून मी पोटभर रडले.

गावात कुणाच्या पोराचं पोट फुगलं की मी आता आधी विचारते, उलटी हिरवी आहे का, आणि वारा सरतोय का. सरत नसेल तर हिंग बाजूला ठेवायला लावून गाडी बोलावते.