मॅनेजर पाहिजे

दुकानाचा मॅनेजर व्हायला अंगी काय असावं लागतं, हे सात मुलाखती देऊनही मला नक्की सांगता येणार नाही. काय नसावं लागतं, ते मात्र तोंडपाठ आहे. लग्न झालेलं नसावं, कारण घरी चार तोंडं असलेला माणूस गल्ल्यात हात घालतो. आणि लग्न राहिलेलंही नसावं, कारण सड्या माणसाला जबाबदारी कळत नाही.

मुलाखती देण्याची मला हौस नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. त्यांत मीही. मी गिरणीतला खरा, पण आतला नव्हे, दारातला. म्हणजे गिरणीच्या कापडाच्या दुकानात नऊ वर्षं कात्री चालवत होतो. आत साचे थांबले, तर बाहेर कापायचं काय? कात्री खिळ्याला अडकवली आणि छोट्या जाहिराती वाचायला लागलो. ‘मॅनेजर पाहिजे. अनुभवी, प्रामाणिक. अनामत भरण्याची तयारी हवी.’ माणूस प्रामाणिक हवा, आणि त्या प्रामाणिकपणाचे दोन हजार रुपये आगाऊ हवेत! सौ.ने एका रात्री पाटल्या काढून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. “हात सुजलेत जरा,” म्हणाली. तेव्हा घरात हात सुजण्यासारखं काही शिजत नव्हतं.

पहिली मुलाखत कापडाच्या दुकानात. शेटजींनी एक तागा पुढ्यात टाकला आणि “मोज” म्हणाले. मी गजावर मोजत होतो आणि ते टक लावून माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. दर मीटरला अंगठा किती आत जातो, यावर या धंद्यात माणसाची पारख होते. माझा अंगठा बाहेर राहिला. शेटजींनी खिन्नपणे मान हलवली. “गिरणीतली सवय आहे. घालवायला वेळ लागेल,” एवढंच म्हणाले.

दुसरी भांड्यांच्या दुकानात. मालक म्हणाले, “बसा, जेवून येतो.” ते गेले ते अडीच तासांनी आले. तोपर्यंत मी दोन पातेली, एक परात आणि लग्नाच्या आहेराचे सहा तांबे विकले होते. तांब्यांवर नावंही घालून दिली. मालकांनी पैसे मोजले, मला चहा पाजला आणि “कळवतो” म्हणाले. अजून कळवायचे आहेत.

(पुढे २००३ साली, मॉल निघायला लागल्यावर, मी आणखी एक मुलाखत दिली. समोर माझ्या मुलाच्या वयाचा टायवाला. “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” असं त्याने विचारलं. “गावच्या ओसरीवर,” मी म्हणालो. ते त्याने लिहून घेतलं.)

पण खरी मुलाखत म्हणावी अशी झाली ती सहकारी ग्राहक भांडारातली. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि टेबलापलीकडे सात संचालक. जागा एक. एकाने विचारलं, “सहकारी दुकानाची सुरुवात कुठे झाली?” मी रात्रभर घोकून गेलो होतो. “१८४४ साली रॉचडेलला. अठ्ठावीस जणांनी दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल होता.” शेजारच्या संचालकांनी कुजबुजत विचारलं, “रॉचडेल कुठल्या तालुक्यात येतं?”

कोपऱ्यात एक म्हातारे संचालक डोळे मिटून बसले होते. जन्म किराणा मालात गेलेला. ते डोळे न उघडता म्हणाले, “शंभर किलोचं साखरेचं पोतं सुटं विकलं. किती किलोचे पैसे यायला पाहिजेत?”

शंभर म्हणावं, तर धंदा कळत नाही. नव्व्याण्णव म्हणावं, तर एका किलोचा चोर. मी विचारलं, “पावसाळ्यात की उन्हाळ्यात?” म्हाताऱ्यांचे डोळे उघडले. पावसाळ्यात साखर ओल धरते, वजन भरतं. उन्हाळ्यात मिरची वाळून हलकी होते. गूळ तर पाघळून बारदानातच मुरतो. वर सुटं तोलताना दर पुडीला काटा थोडा खाली झुकतोच. “पोत्यामागे अर्धा किलो तूट मंजूर,” म्हातारे म्हणाले. “वरची मॅनेजरच्या पगारातून.”

मी तरंगतच बाहेर आलो. बाकावर आमच्याच गिरणीच्या साचेखात्यातले मामा बसले होते. वीस वर्षं साच्यांवर काढलेली. आता मांडीवर टोपी आणि टोपीत शाळा सोडल्याचा दाखला. “काय विचारतात हो?” त्यांनी विचारलं.

आता जागा एक, हे मी वर सांगितलंच आहे. पाटल्यांचंही सांगितलं आहे. मामांना तीन मुली होत्या, ते मात्र तुम्हांला ठाऊक नाही, मला होतं. मी म्हणालो, “साखरेचं विचारतील. आधी विचारा, पावसाळ्यात की उन्हाळ्यात.”

निवड मामांची झाली. रॉचडेल न सांगता! साच्यांवर बसणाऱ्या माणसाला सुताची ओल, हवेची ओल कळते. साखरेची ओल त्यांनी माझ्यापेक्षाही बैजवार सांगितली म्हणे. मी का सांगितलं, ते सौ.ला आजतागायत पटवता आलेलं नाही. मात्र त्या संध्याकाळी तिने पाटल्या हातांत चढवल्या. “सूज उतरली,” म्हणाली.

मला नोकरी लागली ती दिवाळीनंतर, डोंबिवलीच्या एका किराणा दुकानात, अनामत न भरता. पण साखर आम्ही पुढे चार वर्षं मामांच्या भांडारातूनच आणली. मामा पुडी तोलायचे, काटा बरोबर मध्ये यायचा, आणि मग माझ्याकडे न बघता वर एक चिमूट साखर टाकायचे. ती त्यांच्या पगारातून जात असणार. मी दोन-तीनदा “राहू द्या हो मामा” म्हणून पाहिलं.

“पावसाळा आहे,” ते म्हणायचे. मे महिन्यातसुद्धा.