वाढपी

कांदे चिरताना ज्याच्या डोळ्यांना पाणी येते तो हळव्या मनाचा असतो, अशी माझी समजूत होती. गेल्या नाताळात दहा किलो कांदे चिरले आणि ती गेली. चौथ्या किलोनंतर माणसाच्या ठायी कोणतीच भावना उरत नाही. उरते ती फक्त पाठ.

हे कांदे मी चिरले ते अंधेरीतल्या एका जुन्या गावठाणात, नाताळच्या सामुदायिक जेवणासाठी. मी मराठीचा प्राध्यापक. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ सोळा वर्षे शिकवतो आहे. १६१६ साली छापलेला, दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे मराठीचे केवढे वैभव, हे मी वर्गात तावातावाने सांगतो. आणि आमच्या घरामागे, भिंतीला भिंत लावून जे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, त्यांच्या पंगतीला मात्र मी उभ्या आयुष्यात बसलो नव्हतो.

हे लोक ईस्ट इंडियन. नावावरून ते बंगालकडचे वाटतात. पण ते इथलेच, साष्टी-वसईचे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, हे सरकारला कळावे म्हणून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे नाव उचलले. कंपनी त्याआधी तेरा वर्षे विसर्जित झालेली! मेलेल्या मालकाचे नाव लावून घेण्याचा असा भाबडेपणा अस्सल मराठी माणसालाच साधतो.

माझ्या लहानपणी दर नाताळात मागच्या मावशींकडून एक ताट यायचे. वर क्रोशाचा रुमाल, खाली नेवऱ्या आणि कलकल. नेवऱ्या म्हणजे आपल्याच करंज्या हो! दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे जात त्यांची सख्खी भावंडे. आई हसतमुखाने ताट घ्यायची, ‘कशाला एवढी तसदी?’ म्हणायची आणि मावशींची पाठ वळली की सारे कामवाल्या बाईंच्या पदरात ओतायची. ताट रिकामे पाठवू नये म्हणून त्यात साखर घालून परत. आईच्या मनात कुणाविषयी अढी नव्हती. पण त्यांची भांडी, त्यांचे तूप, कोण जाणे अंडेही असेल! ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. त्या बैठकीला रानडे होते, टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आम्ही मुले इतिहासाच्या तासाला या चहावर हसलो होतो. पण शंभर वर्षांनी आमच्याच ओट्यावर तो चहा निवत पडला आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या डिसेंबरात मावशी रस्त्यात भेटल्या. सत्तरी उलटलेली, पण आवाज तोच. “बाळू, माणसं कमी पडतात रे. येशील?” मी गेलो. जाताना मनात एक चोरटे समाधान होते, ते लपवत नाही. आपण सेवा करायला चाललो आहोत!

हे जेवण कधी सुरू झाले, याची वही कुणी ठेवलेली नाही. पूर्वी लग्न निघाले की सारे गावठाण मांडवाला, स्वयंपाकाला, उंबराच्या पाण्याला राबायचे. मोठी भांडी त्या काळापासूनची. पुढे मुले आखातात, कॅनडात गेली, घरोघरी एकेकटी म्हातारी माणसे उरली. एका नाताळात मावशींनी ती भांडी खाली काढली. मग पाहुण्यांत रात्रपाळीचे पहारेकरी आले, बांधकामावरची कुटुंबे आली. डुकराचे इंद्याल ज्याच्या त्याच्या घरी; इथे मात्र कोंबडी, कारण पंगतीला मुसलमान शेजारीही असतात. गुजराती आजींसाठी वेगळ्या चुलीवर वाटाणा-बटाटा. मसाला अर्थात बाटलीतला. उन्हाळ्यात पंचवीस-तीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, तो.

कांद्यांनंतर मला फुगे करायला बसवले. मैदा, अंडी, नारळाचे दूध यांचे आंबवलेले पीठ मुठीतून दाबायचे आणि अंगठ्याजवळ गोळा आला की तेलात सोडायचा. मावशींचे चेंडूसारखे गोल. माझ्या प्रत्येकाला शेपूट. पोरांनी त्यांना ‘सरांचे उंदीर’ असे नाव दिले आणि तेच आधी संपवले.

गरिबांना नाताळचे जेवण घालणे ही जगात जुनीच रीत आहे. पण तिची सगळीच पाने काही सुंदर नाहीत. १८९९ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सॅल्व्हेशन आर्मीने – आपल्याकडे हिला मुक्तिफौज म्हणतात – हजारो गरिबांना जेवू घातले. आणि वर सज्ज्यांत, तिकिटे काढून, श्रीमंत मंडळी बसली होती. गरीब कसे जेवतात ते पाहायला! उलट १९८२ साली रोममध्ये, त्रास्तेव्हेरेतल्या सांता मारिया चर्चमध्ये, सांत एजिदिओ या मंडळींनी देवळातच टेबल मांडले. पाहुणे अवघे वीसेक, शेजारचे एकटे म्हातारे आणि रस्त्यावर राहणारे. यजमान त्यांच्याच शेजारी बसले. आज असे टेबल कितीतरी देशांत मांडले जाते.

मावशींना रोमचे हे ठाऊक नसावे. पण त्यांचा नियम तोच. वाढप्यांपैकी निम्मे पहिल्या पंगतीत पाहुण्यांमध्ये मिसळून बसायचे, निम्मे दुसऱ्या. मी भाताचे भांडे उचलले तर मावशींनी ते काढून घेतले. “बस आधी.”

“मी वाढायला आलोय, मावशी.”

“इथं सगळेच वाढायला येतात. बस.”

बसलो. डाव्या हाताला आमच्याच इमारतीचा पहारेकरी होता. सहा वर्षे तो मला रोज सलाम करतो. तो दचकला, मग माझ्याकडे निरखून पाहत हळूच म्हणाला, “साहब, आप के घर में भी कोई नहीं?”

मला उत्तर सुचले नाही. पत्नी लेकीच्या बाळंतपणाला बंगलोरला. घर बंद. मी मान हलवली. त्याने आपल्या पानातला एक फुगा माझ्या पानात ठेवला.

शेवटी नेवऱ्या आल्या. पहिलीच खाल्ली, तोंडात नारळ आणि वेलदोडा विरघळला, आणि मला राहवेना. मावशी जवळ आल्या तेव्हा म्हटले, “मावशी, एक सांगायचं होतं. तुमचं ताट यायचं ना, ते आई...”

“बाईला द्यायची. ठाऊक आहे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनंच. दर साली सांगायची, या खेपेला चांगल्या झाल्या, या खेपेला गूळ कमी पडला.”

“मग तरी पाठवत होतात?”

“अरे, तिला आवडायच्या ना!” मावशी म्हणाल्या, आणि भाताचे भांडे माझ्या हाती देऊन दुसऱ्या पंगतीकडे वळल्या.