खाणीतले खातेदार

डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितलं. "बँकेत टेबलाभोवती चाललं तर?" असं मी विचारल्यावर त्यांनी आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. तेव्हापासून रविवारी सकाळी मी आमच्या हेडकॅशियरांबरोबर पुण्याच्या वेताळ टेकडीवर जातो. टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पुणं स्वतःच ५५० मीटरवर बसलेलं असल्यामुळे आमच्या वाट्याला चढ येतो तो जेमतेम अडीचशेचा. पण घरी सांगताना मी आठशेच सांगतो.

ग्लिरिसिडियाच्या झाडीतून पायवाट जाते आणि एकदम पायाखालची जमीनच संपते. समोर दगडाची जुनी खाण. काळ्या कातळाचे तुटलेले कडे, तळाशी साचलेलं पाणी, आणि मोर नसला तरी मोराचा फोटो काढायला आलेले लोक. आमच्या भाषेत सांगायचं तर या खात्यात ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीनं डिपॉझिट भरलं. माणसानं पुढे नुसतेच पैसे काढले. शिल्लक : एक खड्डा.

कातळात उभ्या, नळीसारख्या खाचा होत्या. महाराष्ट्रात दगडाला भोक दिसलं की ते पांडवांनी पाडलेलं असतं. मी हेडकॅशियरांना भीमापर्यंत आणलं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "पांडव न्हाईत, सायेब. आमी पाडली ती. सुरुंगाची भोकं हायत."

दगडावर एक म्हातारबाबा बसले होते. मी चेहरा आठवत होतो. त्यांनी मला केव्हाच ओळखलं होतं. वडारवाडीचे बाबा! काउंटर नंबर तीन. गेल्या महिन्यात मी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. केवायसीचं मशीन त्यांचा अंगठा ओळखत नव्हतं, आणि मशीन ज्याला ओळखत नाही त्याला आम्ही कसं ओळखणार? तिसऱ्या खेपेला तर मी म्हणालो होतो, "बाबा, जरा हात स्वच्छ धुवून येत चला."

बाबांनी बसल्या जागेवरून सगळं दाखवलं. एकानं पहार धरून फिरवायची, दुसऱ्यानं वरून घण घालायचा. घण चुकला तर पहार धरणाऱ्याचं नशीब. भोक खोल गेलं की दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. मग फुटलेला दगड हातानं उचलायचा, दिवसभर, तरुणपणाची सगळी वर्षं.

"अंगठा हितंच ऱ्हायला बगा," तळहात पुढे करून ते म्हणाले. बोटं कशी, घासून घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखी. त्यावर ना आकडा, ना साल.

"सोमवारी येऊ का? हात धुवून येतो."

थट्टा नव्हती हो त्यात. थट्टा असती तर बरं झालं असतं.

"धुवू नका," मी म्हणालो, "आणि रांगेत उभे राहू नका. सरळ आत माझ्याकडे या."

उतरताना हेडकॅशियर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मॅनेजर काय म्हणतील?"

"त्यांनाही पुढच्या रविवारी इकडे आणू," मी म्हटलं. "डॉक्टरांनी त्यांनाही चालायला सांगितलंय."