माळ्यावरची पेटी

आम्हा बऱ्हाणपूरच्या मराठी घरांत दाराबाहेर हिंदी आणि चुलीपाशी मराठी. बोलण्याचे निभते, लिहिण्याचे अडते. माझी मुलगी हिंदी माध्यमात शिकली, तिच्या पुस्तकांत ‘ळ’ कधी आलाच नाही. तो ती शिकली टीव्हीसमोर. २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने आमच्या संध्याकाळी ताब्यात घेतल्या होत्या. ही वहीत गाणी उतरवून घेई. गाताना ‘बाळ’ आणि लिहिताना ‘बाल’! मग तिची आई लाल पेन घेऊन बसे. फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, तेव्हा आमच्या नऊ वर्षांच्या बाईसाहेबांनी हट्टाने गल्लीत पेढे वाटले.

गळा तिचाही बरा होता. गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर दोनदा पहिली आली. नववी संपली आणि मी पेटी माळ्यावर ठेवली. मुख्याध्यापकाच्याच मुलीला दहावीत कमी गुण पडले तर गावाला तोंड कसे दाखवायचे? “एका वर्षाचा तर प्रश्न आहे,” असे मी म्हणालो होतो. दहावीमागून बारावी आली, मग इंदूरचे कॉलेज. पेटी वरच राहिली.

जून २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, कॉलेज बंद म्हणून मुलगी घरीच होती. सौभाग्यवतींनी हाक मारली, “अहो, बघा तरी, तीच मुले!” कार्तिकी, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत. तेव्हाचे पाचही जण आता परीक्षकांच्या खुर्च्यांत बसले होते. मुलीने आवाज वाढवला, थोडा वेळ पाहिले आणि गच्चीवर निघून गेली. कार्यक्रम संपेपर्यंत खाली आली नाही. मीही वर गेलो नाही.

२०२२ च्या गणेशोत्सवात मंडळाने ठरवले की, करोनात आईबाप गमावलेल्या मुलांच्या फीसाठी गाण्याची स्पर्धा घ्यायची. गाणारे पूर्वी याच मंचावर गायलेले हवेत. लोकल केबलवर थेट दाखवायची, आणि देणगीची पावती हेच मत. मदतीच्या कामात चढाओढ कशाला, असे एक वडीलधारे म्हणाले. मी त्यांना ८ जुलै १९२१ ची आठवण दिली. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र उभे राहिले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात दोघांना तोलले नसेल का? आमच्यातल्या एका प्राध्यापकांनी आणखी एक नियम सुचवला. २००५ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर ‘हिट मी बेबी वन मोर टाइम’ नावाची स्पर्धा झाली होती. मागे पडलेल्या गायकांनी तीत आपले गाजलेले गाणे म्हणायचे आणि सोबत दुसऱ्याचे एक नवे. शेकिन स्टीव्हन्स जिंकला. अमेरिकेतल्या आवृत्तीत विजेत्याच्या पसंतीच्या संस्थेला देणगी मिळे. नियम मला पटला. जुन्या गाण्याला टाळ्या पडतात त्या निम्म्या आपल्याच गेलेल्या दिवसांना. गळ्यात काय उरले आहे ते नवे गाणे सांगते.

मुलीने नाव दिले ते मला यादीत वाचून कळले.

जुने गाणे तिने सहज म्हटले. लोक खूश झाले. नव्या गाण्यात अंतऱ्याला वरचा सूर फाटला. सगळ्यांना कळला. ती थांबली, हार्मोनियमवाल्याकडे पाहिले आणि तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तिने तो सूर सोडून खालून वळसा घेतला आणि गाणे पुरे केले.

पावतीपुस्तक माझ्याकडे होते. तिच्या नावाने पावती फाडायचे धैर्य मला झाले नाही. पाचशेची फाडली, पण मताची जागा कोरी ठेवून. तिचा पाचवा क्रमांक आला. घरी येताना रस्त्यात ती एवढेच म्हणाली, “बाबा, पेटी अजून आहे ना?”

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली. भाता उंदरांनी कुरतडला होता. दुरुस्तीवाल्याने पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाला, “साहब, तीन सुर बैठ गए हैं। टाइम लगेगा।”

मी आगाऊ पैसे देऊन आलो.