खालूजानची बंदूक

गडचिरोली आणि बंदूक हे दोन शब्द एकत्र आले की बाहेरच्या माणसाला नक्षलवादी आठवतात, नाहीतर पोलीस. तिसरी एक बंदूक या भागात फार आधीपासून आहे. ती शेतकऱ्याची, परवान्याची बंदूक. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, अशा एका बंदुकीचे एकतीस वर्षं मालक होते. १९८७ साली त्यांनी ती घेतली आणि २०१८ साली स्वतःहून परत केली. आता पंचाहत्तरीला आलेत. नोकरी त्यांनी कधी केली नाही. भात, मिरची आणि थोडा कापूस एवढीच त्यांची दुनिया. तरी ओळख करून देताना हसून म्हणतात, "मी रिटायर बंदूकवाला." करोनाच्या काळात शाळा बंद होत्या आणि त्यांच्या घरचा किराणा, औषधं पोहोचवायचं काम माझ्याकडे होतं. ते आत खाटेवर, मी बाहेर ओट्यावर, मध्ये दार उघडं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

बंदूक घेतली ती रानडुकरांमुळे. आमच्या बाजूला जंगल आणि शेत यांच्यामध्ये बांधाएवढंच अंतर असतं. भात पोटरीत आला की डुकरांचा कळप एका रात्रीत एकराची नासाडी करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. संरक्षणासाठी आणि खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे. गरिबाकडे ठासणीची, जिला इथे भरमार म्हणतात. ज्याचं थोडं बरं, त्याच्याकडे एकनळी बाराबोर. खालूंची बाराबोर होती. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आधीच आलेला. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायचं तरी अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. म्हणजे बंदूक हातात, परवाना खिशात, डुक्कर समोर, आणि करायचं काय तर आकाशात बार काढायचा. "एकतीस वर्षं मी फटाक्याचं काम बंदुकीकडून करून घेतलं," असं ते म्हणतात. एकही जनावर मारलं नाही, असंही म्हणतात. मावशी होती तेव्हा या वाक्याला नुसती हसायची.

सिरोंचा प्राणहितेच्या काठावर आहे. जवळच ती गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम दिसतं. १९८० च्या सुमारास नक्षलवाद्यांची पहिली पथकं याच नद्या ओलांडून महाराष्ट्रात शिरली. त्यानंतर परवान्याच्या बंदुकीचा अर्थच बदलला. जंगलातल्यांना ती हवी होती आणि पोलिसांना ती त्यांच्या हाती जायला नको होती. ज्याच्या घरी बंदूक, त्याच्या दारावर रात्री कोण थाप मारेल याचा भरवसा नाही. खालूंनी त्या काळात कित्येक वर्षं बंदूक ठाण्यातच जमा ठेवली. पुढे निवडणूक आली की आचारसंहितेपायी पुन्हा जमा, निकाल लागला की परत. वर नूतनीकरणासाठी गडचिरोलीला खेटे, म्हणजे एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या वर. या सगळ्यातून त्यांनी एक वाक्य तयार केलं आहे आणि ते ऐकवल्याशिवाय ते कोणाला सोडत नाहीत: "लोक समजतात बंदूक घराला राखते. अरे बाबा, घराला बंदूक राखावी लागते."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पूल बंद झाले. बाहेरच्याला याची कल्पना येणार नाही. आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा करीमनगर आणि वरंगलला जवळ आहोत. दवाखाना तिकडे, मोठी खरेदी तिकडे, अर्धे नातेवाईक तिकडे. जिल्ह्यात सुरुवातीचे कित्येक आठवडे एकही रुग्ण नव्हता, पण रक्तदाबाच्या गोळीसाठी माणूस अडला होता. आणि नदीपलीकडून मिरची तोडायला गेलेले मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन येत होते. गडचिरोली-चंद्रपूरचे, छत्तीसगडचे. त्याच एप्रिलमध्ये तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून बिजापूरकडे पायी निघालेली बारा वर्षांची मुलगी घर थोडं राहिलं असताना वाटेत गेली. ती बातमी खालूंनी दोनदा वाचायला लावली. मिरचीचं रान त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी ते बंदुकीवर काही बोलले नाहीत.

बोलले ते अमेरिकेची बातमी पाहून. तिथे लोक बंदुकीच्या दुकानांसमोर रांगा लावून उभे होते. मार्च २०२० या एका महिन्यात तिथल्या केंद्रीय तपास संस्थेकडे बंदूक खरेदीशी निगडित चौकशीचे सदतीस लाखांवर अर्ज आले, तोवरचा उच्चांक. महिनाअखेरीस तिथल्या सरकारने बंदुकीची दुकानं अत्यावश्यक सेवांच्या यादीत धरली. इथे आपण दूध आणि औषधं अत्यावश्यक म्हणत होतो. खालूंना हे कळेचना. "जंतूला कुठून नेम धरणार?" मी म्हटलं, जंतूसाठी नाही, दुकानं रिकामी झाली तर शेजारी लुटायला येतील म्हणून. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आजार शेजाऱ्याचाच म्हणायचा."

मात्र बंदुकीने दिलेली एक शिकवण त्यांना करोनात उपयोगी पडली, असं ते मानतात. बंदूक हाताळणाऱ्याचा पहिला नियम: रिकामी बंदूकसुद्धा भरलेली समजायची. आत्ताच काडतूस काढलं असलं तरी नळी माणसाकडे वळवायची नाही. आपल्या धर्मातही थट्टेत का होईना भावाकडे हत्यार रोखू नये, अशी ताकीद आहे. खालू म्हणायचे, मास्कचं तेच आहे. मला ताप नाही, खोकला नाही, म्हणजे मी रिकामा आहे असं कोण सांगेल? "मी भरलेला आहे असं समजूनच तोंड बांधायचं." साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून निघूही नये, ही हदीस त्या दिवसांत मोबाइलवर सगळीकडे फिरत होती. ज्यांना ती पटत नव्हती, त्यांना खालूंची बंदूक लवकर पटली. त्या रमजानमध्ये मशीद बंद, तरावीह घरात, २५ मेची ईद ओट्यावरच्या सलामावर. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती जरा अवघड आहे. मार्चअखेरीस दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि पुढचे दोन महिने प्रत्येक मुसलमान संशयित झाला. खालूंचा नातू हैदराबादला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. टाळेबंदीच्या दोन दिवस आधी तो घरी पोहोचला. काम नाही म्हणून एका मित्राच्या गाडीवर टरबूज विकायला जाऊ लागला. एका गावाच्या वेशीवर त्याला अडवून आधार कार्ड मागितलं. नाव वाचलं आणि गाडी परत पाठवली. एका पोराने टरबुजावर थुंकलास का असं विचारलं. घरी येऊन तो जेवला नाही. रात्री आजोबांना म्हणाला, "नाना, बंदूक द्यायला नको होती. आज घरात असती तर बरं झालं असतं."

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दोघं तोंड फिरवून बसले होते. खालूंनी माझ्यासमोर त्याला विचारलं, "असती तर काय केलं असतंस? त्या गावात नेली असतीस?" नाही. "घरात ठेवली असतीस. मग गावात काय बोलणं झालं असतं, सांग. अमक्याच्या घरात बंदूक आहे. आज कार्ड बघून परत पाठवतात, उद्या पोलीस घेऊन आले असते." नातू म्हणाला, म्हणजे भीतच राहायचं? खालू म्हणाले, "भ्यायचं. मी एकतीस वर्षं बंदूक घेऊन भ्यालो, आता बंदुकीशिवाय भितो. झोप आता जास्त लागते." पोराचं समाधान झालं नाही, आणि माझंही पूर्ण झालं नाही. अपमान हा अपमानच असतो, शहाणपणाने तो पुसला जात नाही. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचं नोंदवलं. मी तो निकाल नातवाला मराठीत समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "टरबुजं तर सडली ना, मामू." पण त्याने बंदुकीचा विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात शेजारचे तेलुगू काका स्वतः गाडीवर त्याच्याबरोबर बसले आणि त्याच गावात गेले. माल विकला गेला. बंदुकीने हे झालं नसतं, एवढं मला नक्की कळतं.

आणि बंदूक परत का केली, ते खालूंनी मला त्याच पावसाळ्यात सांगितलं. मी तोवर धरून चाललो होतो की वय झालं, खेटे झेपत नाहीत म्हणून. मावशी २०१७ च्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर काही महिने त्यांना झोप नव्हती. रात्री उठून ते कपाटासमोर उभे राहायचे. किल्ली त्यांच्याच कमरेला. "वाईट रात्री घरात बंदूक असली की माणूस एकटा नसतो, ती पण जागी असते," ते म्हणाले. एका सकाळी फजर पढून ते थेट ठाण्यात गेले, बंदूक आणि काडतुसं जमा केली, पावती घेतली आणि परवाना नको असा अर्ज दिला. घरी कोणाला कारण सांगितलं नाही. "टाळेबंदीत मी महिनोन् महिने चार भिंतींत होतो. तेव्हा ती असती, तर तू आज कोणाशी बोलत असतास?"

हे ऐकून मी आकडे शोधले. अमेरिकेत २०२० मध्ये बंदुकीने ४५ हजारांवर माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. रांगेत उभं राहून चोरासाठी आणलेली बंदूक बहुतेकदा घरच्याच माणसाला लागते. आपल्याकडे बंदुका कमी आहेत, पण विदर्भातल्या घरात बंदुकीची जागा फवारणीच्या औषधाने घेतली आहे. श्रीलंकेने सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या. वाईट रात्र निघून जाते. त्या रात्री हाताशी काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. औषधाचा डबा घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, एवढं तर कोणीही करू शकतं.

शेतकऱ्याला बंदूक नकोच, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या धुऱ्यावर वाघ फिरतो त्याला शाळामास्तराने उपदेश करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. अर्जासोबत डॉक्टरचा दाखलाही लागतो. पण दाखला एका दिवसाचा असतो आणि परवाना पाच वर्षांचा. मधल्या काळात कोणाची बायको जाते, कोणाचं पीक जातं, कोणाला वेशीवरून परत पाठवतात. तेव्हा विचारायला सरकार येत नाही. ओट्यावर बसणारं कोणीतरी लागतं. ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे आणि एकटा पडलेला म्हातारा किंवा चिडलेला तरुण आहे, त्यांनी ती काही दिवस ठाण्यात ठेवावी. कायद्यात तशी सोय आहे, पावती मिळते, आणि परत आणता येते. खालूंनी परत आणली नाही. डुकरांसाठी आता ते पत्र्याचा डबा वाजवतात, आणि त्याला परवाना लागत नाही हे प्रत्येकाला सांगतात.