नेट गेल्यावर उरणारी खिडकी

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं आता माजलगाव-केजलाही आहेत. नेट गेलं की त्यांच्या हाती उरतो फक्त एडिटर, आणि त्याच्या पोटात असलेली मदत. या मदतीकडे शिकवणाऱ्यांचंही फारसं लक्ष जात नाही.

ईमॅक्स हा एडिटर १९७६ मध्ये एमआयटीत जन्मला, तेव्हापासून स्वतःची माहिती स्वतः सांगणं हे त्याचं ब्रीद. कंट्रोल-एच आणि मग मोठा पी दाबून पॅकेजचं नाव दिलं, की मदतीच्या खिडकीत त्याची आवृत्ती, त्याला लागणारी इतर पॅकेजेस आणि खाली सविस्तर वर्णन येतं. हे वर्णन बऱ्याचदा प्रोग्रॅमच्या फायलीतल्याच 'कॉमेंटरी' या भागातून उचललेलं असतं. प्रत्येक ओळीआधीचे अर्धविराम खिडकी गाळून टाकते, वेबपत्त्यांची बटणं करते. बसवलेल्या पॅकेजसाठी हे सगळं नेटविना चालतं.

खरी अडचण सजावटीची. बरेच लेखक आता वर्णन मार्कडाउनमध्ये लिहितात. ब्राउझरमध्ये ते देखणं दिसतं, पण साध्या खिडकीत तारे, हॅश आणि चौकटी कंस तसेच उघडे पडतात. हा प्रश्न नवा मात्र नाही. युनिक्सच्या मॅन-पानांत ठळक अक्षरासाठी तेच अक्षर, मग बॅकस्पेस, मग पुन्हा तेच अक्षर लिहीत. छापणाऱ्या टर्मिनलवर दोनदा ठोकलेलं अक्षर गडद उमटे. ईमॅक्स ही पानं दाखवताना ते बॅकस्पेस काढून टाकतो आणि त्या जागी खरा ठळकपणा देतो. खूण लेखकाने करावी, रूप खिडकीने द्यावं, ही वाटणी अजूनही सर्वांत शहाणी वाटते.

ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिम या एडिटरमध्ये ही वाटणी फार काटकसरीने साधली आहे. मदतीची फाइल साधी टेक्स्ट. दोन ताऱ्यांमधला शब्द म्हणजे मुक्कामाची जागा, दोन उभ्या दांड्यांमधला शब्द म्हणजे तिथे नेणारा दुवा. २०१० च्या ७.३ आवृत्तीत मजकुरातल्या खुणा लपवण्याची सोय आली, तेव्हापासून मदतीच्या खिडकीतले हे तारे-दांड्याही झाकता येतात. अंबाजोगाईला जपलेली संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी वाचायची तर लांबलचक कापडच उलगडावं लागतं. व्हिममध्ये मात्र 'हेल्पटॅग्ज' ही आज्ञा एकदा दिली की सूची तयार होते आणि वाचक थेट हव्या त्या ओळीवर उतरतो.

मराठीत लिहायला बसलं की वेगळीच गंमत सुरू होते. जुन्या मदतफायली रकाने जुळवायला स्पेस वापरतात, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी हे त्यांचं गृहीतक. 'क्ष' आणि 'र्त्या' ते मानत नाहीत. कोष्टक वेडंवाकडं होतं. टर्मिनलमधल्या व्हिममध्ये तर जोडाक्षर जुळणार की फुटणार, हे बरंचसं टर्मिनलवर अवलंबून. ईमॅक्स यात पुढे आहे. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ या सॉफ्टवेअर लायब्ररीकडे गेलं, आणि २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत चक्क मोडी लिपीही आली, टंकलेखनाच्या सोयीसह. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली त्याला तेव्हा नऊच वर्षं झाली होती.

एवढं असूनही मराठी वर्णन असलेलं पॅकेज सहसा समोर येत नाही, आणि इथे दोष यंत्राला देता येणार नाही. व्हिममध्ये अनुवादित मदतीची सोय फार जुनी आहे: फाइलीच्या नावाच्या शेवटी टेक्स्टऐवजी भाषेची दोन अक्षरं आणि एक्स, म्हणजे मराठीसाठी डॉट-एमआरएक्स. मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवायचा, ती फाइल पॅकेजच्या 'डॉक' या फोल्डरमध्ये टाकायची आणि सूची पुन्हा बांधायची. मग मदत मागताना विषयापुढे अ‍ॅट-एमआर जोडलं, की खिडकी मराठीत उघडते.